हरिभाऊंनी जोडलेली केबल

रायपूरच्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि पेनाचं टोक एका जागी टेकवून ठेवलं. गाठ स्वरयंत्रातच होती. ती काढायची तर स्वरयंत्र सगळंच काढावं लागणार होतं. श्वासासाठी गळ्याच्या खालच्या बाजूला छिद्र राहील. पुढे जेवता येईल, हिंडता-फिरता येईल, स्वयंपाकसुद्धा करता येईल. बोलता तेवढं येणार नाही.

"दाताला तंबाखूचा गुडाखू घासता का?" त्यांनी विचारलं.

"सकाळी एकडाव," भागीरथाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करत बसल्या.

शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान हरिभाऊ कापगते होते. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असल्यामुळे बोलणं त्यांना निम्मंही कळलं नव्हतं. चित्र मात्र कळलं होतं. परतताना गाडी कुम्हारीच्या पुढे आली तेव्हा समोरच्या सीटवरून सून करिष्मा मागे वळली.

"बाबा, समझा ना तुमाले? आईचा आवाज जाईल. पूरा."

"समजलं," हरिभाऊ म्हणाले.

भागीरथाबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मग नवऱ्याकडे हनुवटी करून म्हणाल्या, "चला, यायले आराम. डोक्याशी बडबड करनारं कोणी नाही राहनार."

भागीरथाबाईंचा आवाज ही काही नुसत्या घरातली वस्तू नव्हती. साकोलीकडून, लाखनीकडून पोलादाच्या प्लांटच्या नोकरीसाठी इकडे आलेल्या घरांत लग्न निघालं की मांडवाचा बांबू यायच्या आधी भागीरथाबाईंना निरोप जायचा. सेक्टर दोन, खुर्सीपार, चरोद्याची रेल्वे कॉलनी, सगळीकडे हळद त्यांच्याच गाण्याने लागायची. ती गाणी कुठे लिहिलेली नव्हती. प्रत्येक गाण्यात नवरीचं, तिच्या आईचं, आत्याचं, मामाचं नाव घालायला मोकळी जागा असते, आणि ते नाव चालीत बसवणं हीच खरी करामत. कितीही आडमुठं नाव असो, भागीरथाबाई ते एका दमात वळवून आणत. आता ऑपरेशनला बारा दिवस उरले होते.

"भरून ठेवू," हरिभाऊंनी घरी आल्यावर जाहीर केलं. "सगळे गाणे. मशीनमध्ये."

चौतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला हा माणूस. मोटरला लाकडी दांडा लावायचा, दांड्याचं दुसरं टोक कानाला, आणि कोणत्या बाजूचं बेअरिंग जाणार ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती. कानात घालायची बोंडं प्लांटमधून मिळत, पण हरिभाऊंच्या खिशातच राहत. बोंडं घातली तर मोटर काय म्हणते ते कसं ऐकू येणार? सुपरवायझर दिसला की घालायची, तो वळला की काढायची. वर्षाच्या तपासणीत शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं असे, तेव्हा हरिभाऊ समोरच्या माणसाचं बोट पाहत. बोट हललं की दाबत.

असं करता करता आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी गेली. मग बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं असं यायला लागलं, की आवाज यावा पण शब्द येऊ नयेत. हरिभाऊंनी ते कोणाला सांगितलं नाही. ओठ वाचायला शिकले, मान डोलवायला शिकले. मुलगा ऋषभ ओडिशात नोकरीला, तो फोनवर म्हणायचा, बाबा हल्ली फार विचारात असतात.

करिष्माने आधी मोबाइलवर एक गाणं घेऊन पाहिलं. ऐकताना तिने तोंड वाकडं केलं. "मोबाइल अपने मन से आवाज काटते, बाबा. आईचा आवाज बसलेला आहे, त्याला तो गडबड समजून राहिला. पाण्याच्या आतून गाते असं वाटते."

म्हणून शनिवारी दोघं पॉवर हाऊस भागातल्या बाजारात देवानंदच्या दुकानात गेली. लग्नाला, देवीच्या जगरात्याला लाउडस्पीकर भाड्याने देणारा देवानंद दुर्गचा, पन्नाशीचा, बोलका.

"काय करायचं आहे दादा? भाषण की गाणं?"

"गाणं. घरातच. एकच बाई."

देवानंदने काचेवर तीन वस्तू मांडल्या. पहिला कॉलरला लावायचा बोंडाएवढा माइक. त्याच्या प्लगवरच्या काळ्या रेघा त्याने नखाने मोजून दाखवल्या. "तीन रेघा म्हणजे मोबाइलचा. दोन रेघा म्हणजे कॅमेऱ्याचा नाहीतर जुन्या कम्प्युटरचा. दोन्ही एकाच भोकात जातात, पण दोन रेघांचा मोबाइलात लावला तर बसेल छान अन् आवाज काही येनार नाही." दुसरा टेबलावर उभा राहणारा, सरळ यूएसबीत जाणारा. "याच्या पोटातच सगळं. लावा अन् गा. पण वायर याची आखूड, अन् घरातला पंखा, फ्रिज, शेजारचा टीव्ही सगळं गोळा करते." तिसरा साधा, हातात धरायचा, जाळीच्या तोंडाचा, खाली तीन पिनांचा. "हा तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो. पण हा सरळ कम्प्युटरात जात नाही. मधात डबा लागते, आवाज कम्प्युटरच्या भाषेत बदलनारा."

हरिभाऊंनी तिसरा उचलला. "तीन पिना कावून?"

"दोन तारा आवाजाच्या, एक अर्थिंगची. दोन्ही तारांत तोच आवाज, एकीत उलटा. रस्त्यात जी खरखर लागते ती दोघींत सारखी लागते, मग डब्यात आली की खरखर कटते, आवाज राहतो."

हरिभाऊंचा चेहरा उजळला. हे त्यांना ओळखीचं होतं. मिलमध्ये मोजमापाच्या तारा अशाच जोडीने, जाळीत गुंडाळून नेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. त्यांनी माइक घेतला, डबा घेतला, मोठे हेडफोन घेतले. देवानंद त्यांच्याकडे पाठ करून वरच्या फळीवरून डब्याचं खोकं काढत होता आणि काढता काढता काहीतरी सांगत होता. करिष्मा बाहेर रिक्षा थांबवायला गेली होती. हरिभाऊंनी सवयीने मान डोलवली.

संध्याकाळी करिष्माने लॅपटॉपवर सगळं लावून दिलं. माइक तीन पिनांनी डब्याला, डबा त्याच्यासोबतच्या वीतभर केबलने लॅपटॉपला. पडद्यावर रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये डब्याचं नाव आलं. भागीरथाबाईंनी "हॅलो, मी बोलून राहिली" म्हटलं आणि पडद्यावरची हिरवी पट्टी उडाली.

"सोमवारपासून मला सकाळचीच लोकल पकडायची आहे," करिष्मा म्हणाली. "उद्याही ऑफिसात बोलावलं. तुमाले जमेल ना?"

"चौतीस वर्षं काय केलं मग?" हरिभाऊ म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी खोली तयार केली. गोधड्या भिंतीवर टांगल्या, फ्रिज बंद केला, घड्याळ काढून न्हाणीत ठेवलं. लॅपटॉप मात्र घरघर करत होता. तो खोलीत असणं त्यांना पटेना. तो त्यांनी बाहेरच्या खोलीत टेबलावर नेला. आता डब्याची केबल पुरेना. टीव्हीखालच्या खणात मोबाइल चार्ज करायची एक लांब केबल होती. तोंड तेच, दोन्ही टोकं तीच. त्यांनी ती लावली. डब्यावरचा दिवा लागला. भागीरथाबाई खाकरल्या तशी डब्यावरची हिरवी चकतीही लुकलुकली. हेडफोन डब्याला लावून त्यांनी कानावर घेतले, तर भागीरथाबाईंचा श्वाससुद्धा आला. बाहेर जाऊन पाहिलं तर लॅपटॉपवरची पट्टी हलत होती. प्लांटमध्ये पॅनलवर दिवा असला आणि सुई हलत असली की लाइन चालू. हरिभाऊंनी वहीत नोंद केली: रविवार, गाणं पहिलं.

"कोणाचं नाव घालू?" भागीरथाबाई दिवाणावर बसून विचारत होत्या. "नवरी नाही, हळद नाही. अशी भिताडासमोर कशी गाऊ मी?"

"ज्यायच्या लग्नात गायली त्यायचं घाल."

त्यांनी पाय दिवाणावर घेतले. मग म्हणाल्या, "गुलाबच्या पोरीचं घालते. तिच्या हळदीले लाइट गेली होती, आठवते?" आणि गायला लागल्या.

तीन सकाळी अशा गेल्या. एक गाणं झालं की पाणी, मग आठवण, मग दुसरं. चरोद्याच्या कीर्तीचं लग्न, जिच्या नवऱ्याची गाडी चार तास उशिरा आली. खुर्सीपारची भूमिका, जी हळदीतच भांडली. अकरा गाणी झाली. मंगळवारी शेवटच्या गाण्यात आवाज मधेच तुटला, भागीरथाबाईंनी गळा धरला, आणि डोळे मिटून ते पूर्ण केलं. हरिभाऊंनी मधूनमधून लॅपटॉपवर लावून ऐकलं होतं. आवाज दुरून येत होता. पण त्यांना सगळंच दुरून यायचं. आवाजाचं बटण पूर्ण वाढवून त्यांनी समाधान करून घेतलं.

मंगळवारी करिष्मा अर्ध्या दिवसाने परतली. कानात इअरफोन घालून ती ऐकायला बसली. हरिभाऊ समोर उभे राहून तिचा चेहरा पाहत होते. तो चेहरा हळूहळू कोरा होत गेला. तिने रविवारचं गाणं थांबवलं, सोमवारचं लावलं, ते थांबवलं, मंगळवारचं लावलं. मग इअरफोन काढले.

"बाबा, केबल कोणती लावली?"

हरिभाऊंनी दाखवली. तिने ती हातात घेऊन फिरवली.

"ये चार्जिंगवाली है. याच्यातून वीज जाते फक्त. आवाजाची तारच नाही याच्या आत. डबा चालू राहिला, पण लॅपटॉपला दिसलाच नाही. मग त्यानं चुपचाप आपला स्वतःचा माइक घेतला. या खोलीतला."

"पण पट्टी हलत होती."

"या खोलीतल्या आवाजानं हलत होती, बाबा. त्याचा पंखा, समोरच्यायचा टीव्ही, भाजीवाला. आई मागं कुठंतरी आहे, भिंतीच्या पलीकडं. एक शब्द नाही समजत."

हरिभाऊंनी हात पुढे केला. करिष्माने इअरफोन दिले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. भाजीवाला नव्हता, टीव्ही नव्हता, पंखाही नव्हता. एक दूरचा, जाडसर नाद होता. रोज घरभर असायचा तसाच.

"मले फरक समजत नाही," ते म्हणाले.

करिष्माला वाटलं ते केबलविषयी बोलत आहेत. ती समजावायला लागली.

"तसं नाही वो पोरी. मले ऐकूच येत नाही. बायकांचे आवाज तर नाहीच. लय वर्षं झाले." त्यांनी इअरफोन टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळून. "मी तुहे ओठ पाहतो."

देवानंद पाठ करून काय सांगत असेल ते आता त्यांच्या लक्षात आलं. खोक्यात जी केबल आहे तीच लावा, असंच काहीतरी. दुसरं काय सांगणार?

आतून भागीरथाबाई आल्या. कपड्यांची पिशवी भरून झाली होती. करिष्मा काही बोलायच्या आत हरिभाऊ म्हणाले, "नाही झालं. माही चूक झाली. तीन दिवसाचं एकबी नाही."

भागीरथाबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "एकबी नाही?"

"नाही. अन् मले समजलंबी नाही. मले कानानं..."

"मालूम आहे मले," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, पण मोठा. "वीस वर्षांपासून वरडून राहिली मी तुमच्यासाठी. काय वाटलं, शौक आहे मले? शेजारनी म्हणतात, कापगतेबाई दिवसभर भांडते."

"कधी म्हटलं नाही तू."

"तुमी लपवत होते. मंग मी कायले म्हणू?"

हरिभाऊंच्या मनात तेव्हा जे आलं ते त्यांनी तोंडाबाहेर काढलं नाही. डॉक्टरांनी कारण गुडाखूचं विचारलं होतं, ओरडण्याचं नाही. तरी वीस वर्षं हा गळा आपल्यासाठी ताणला गेला, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या मोजता येत होतं, आणि ते मोजत राहिले. भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवलं.

"उद्या बारा वाजता दवाखान्यात जायचं आहे ना?" त्या करिष्माला म्हणाल्या. "मंग सकाळ आहे अजून. आज काही बोलत नाही मी आता." आणि खरंच रात्री जेवतानाही त्या बोलल्या नाहीत. मीठ हवं तर बोटाने दाखवलं.

बुधवारी करिष्माने सुट्टी घेतली. लॅपटॉप आतल्या खोलीतच ठेवला, दिवाणाच्या पायथ्याशी उशीवर, वीतभर केबलने डब्याला जोडलेला. पंखा घरघरला तर घरघरू दे, तोंडाजवळचा माइक ते फारसं घेणार नाही, असं ती म्हणाली. पडद्यावर डब्याचं नाव आहे का, तिने दोनदा पाहिलं. मग हेडफोन सासऱ्यांपुढे धरले.

"बाबा, तुम्ही घ्या. याच्यात तुमाले ऐकू येते ना आई?"

येत होती. रविवारी तो श्वाससुद्धा आला होता. आज शेवटचं. हरिभाऊंनी हेडफोन हातात घेतले आणि त्यांच्या कानाच्या गाद्यांवरून अंगठा फिरवला. मग सुनेच्या डोक्यावर ते स्वतः बसवले.

"तू ऐक. खराब होऊन राहिलं तर तुलेच समजंल. मले नाही समजनार."

"एकच जोडी आहे बाबा."

"म्हणूनच."

ते लॅपटॉपजवळ खाली बसले. तिथून भागीरथाबाईंची पाठ आणि मानेवरचा अंबाडा दिसत होता, ओठ दिसत नव्हते. भागीरथाबाईंनी माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं, करिष्माला काहीतरी म्हणाल्या. करिष्माने मान हलवली आणि ओठ दाबून धरले. मग भागीरथाबाईंचे खांदे वर झाले, खाली आले. गाणं सुरू झालं असावं. पडद्यावरची पट्टी उठत होती, पण फार नाही, अर्ध्यापर्यंतच. म्हणजे ती ओरडत नव्हती. ऐकणारा वीतभर अंतरावर असल्यावर ओरडायचं कशाला? हरिभाऊ पट्टीकडे पाहत राहिले. दोन गाणी झाली. तिसऱ्याला पट्टी उठली, थरथरली आणि खाली पडली. भागीरथाबाईंनी हाताने नाही म्हणून खूण केली.

करिष्माने हेडफोन काढले. "दोन आले, बाबा. साफ आले."

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी डॉक्टरांनी भागीरथाबाईंना टेकून बसायची परवानगी दिली. गळ्याला नळी, नळीभोवती कापसाची घडी. हातात पाटी दिली होती, पण त्या ती फारशी वापरत नव्हत्या. करिष्माने मोबाइल आणि तेच हेडफोन आणले होते. हेडफोनच्या जाड प्लगवरचं टोपण तिने फिरवून काढलं, आतला बारीक प्लग मोबाइलमध्ये घातला.

"मी चहा घेऊन येते," ती म्हणाली. जाताना दारात घुटमळली. "बाबा, सुरुवातीचं थोडंसं मी काढून टाकनार होती. मग नाही काढलं." आणि गेली.

हरिभाऊंनी हेडफोन घातले आणि आवाज पूर्ण वाढवला. आधी कपड्याची सळसळ आली. मग कानाच्या आत कोणी बोलावं इतक्या जवळून, हलक्या आवाजात, एकेक शब्द सुटा:

"यायले नको सांगजो पोरी. मले लय भेव लागून राहिलं."

मग एक श्वास, आणि हळदीचं गाणं. ते त्या आवाजात होतं जो हरिभाऊंनी लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ऐकला होता, स्वयंपाकघरात, कोणासाठी नसलेला. त्यांनी दोन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकली. भागीरथाबाई उशीला टेकून त्यांचा चेहरा वाचत होत्या, जसा ते इतकी वर्षं सगळ्यांचा वाचत आले होते. गाणं संपल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. कसं आलं?

हरिभाऊंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. कान गेलेला माणूस बोलतोही मोठ्याने, वॉर्डातली माणसं त्यांच्याकडे वळून पाहायची. आता ते खुर्ची सरकवून तिच्या कानाशी वाकले आणि शक्य तितक्या हळू म्हणाले,

"मलेबी भेव लागत होतं वो."

भागीरथाबाईंनी पाटीकडे हात नेला, आणि मग तो हरिभाऊंच्या हातावर ठेवला.